मिक्श्चर, माप आणि जिगर

"डॉक्टर, मी पीत नाही हो. मी फक्त कॉकटेल करतो."

माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून एका गृहस्थांनी मला हे अगदी गंभीरपणे सांगितले, तेव्हा माझ्या हातात त्यांचा सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. यकृतावर चरबी चढलेली, रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढलेले. गृहस्थ सज्जन. नोकरीतून निवृत्त झालेले, कोणाच्या अध्यात ना मध्यात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी बसून मोबाईलवर पाहता पाहता त्यांना हा छंद लागला. आज त्यांच्या कपाटात बर्फ घालून हलवायचा स्टीलचा डबा आहे, गाळणी आहे, लांब दांड्याचा पिळदार चमचा आहे, पाच-सहा प्रकारचे काचेचे पेले आहेत. मार्टिनी, निग्रोनी, डायकिरी, ओल्ड फॅशन्ड ही नावे ते आपल्याकडे कुणी वरण, आमटी, कढी म्हणावे तितक्या सहजतेने घेतात. पानाच्या टपरीमागे उभे राहून क्वार्टर रिचवणारा तो दारुडा आणि आपण कलावंत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

वाचकहो, या विषयावर या सदरात लिहावे का, यावर मी बरेच दिवस विचार केला. 'हे मोठ्या शहरातले चोचले, आपल्या गावात कोण करतो?' असे कुणी म्हणेल. पण गेल्या काही वर्षांत माझ्या छोट्याशा दवाखान्यातही असे छांदिष्ट येऊ लागले आहेत, आणि मागे एका रात्री अशाच एका घरी मला धावत जावे लागले. तो प्रसंग मी त्या घरच्या मंडळींच्या संमतीने, नावगाव वगळून, पुढे सांगणारच आहे. त्याआधी थोडे या पेयांविषयी.

कॉकटेल म्हणजे काय? आमच्या भाषेत सांगायचे तर मिक्श्चर. मी दवाखाना थाटला त्या काळी डॉक्टरच्या खोलीशेजारी लाकडी खिडकीआड कंपाउंडर बसत असे. डॉक्टरने लिहून द्यायचे, कंपाउंडरने दोन-तीन बरण्यांतली औषधे मापून एकत्र करायची, आणि बाटलीवर कातरीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरशत्रू म्हातारीलाही ती पट्टी समजे. त्या पट्टीत शहाणपण होते. मिश्रण करणाऱ्यावर दोन जबाबदाऱ्या असतात, एक मापाची आणि दुसरी चिठ्ठीची. आत काय आहे, किती आहे, हे घेणाऱ्याला कळले पाहिजे.

ही तुलना मी ओढूनताणून करत नाही. कॉकटेलचे मूळच औषधाच्या कपाटात आहे. १८०६ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात हडसन या गावच्या एका वृत्तपत्राने 'कॉकटेल' शब्दाची व्याख्या छापली, तिच्यात चार गोष्टी होत्या : मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. बिटर्स म्हणजे कडू मुळ्या-साली मद्यात भिजवून काढलेला अर्क, आपल्या काडेचिराईताचा परदेशी भाऊबंद. आज जगभरच्या बारमध्ये दिसणारे अँगोस्तुरा बिटर्स १८२४ मध्ये व्हेनेझुएलात योहान सीगर्ट नावाच्या जर्मन लष्करी डॉक्टरने पोटाच्या तक्रारींसाठी बनवले. न्यू ऑर्लिन्समधले पेशो बिटर्स हे तिथल्या एका औषध विक्रेत्याचे. जिनमध्ये घालतात ते टॉनिक वॉटर मलेरियावरच्या क्विनीनमुळे आले, आणि त्या जोडीच्या प्रसाराशी ब्रिटिश काळातल्या हिंदुस्थानचा थेट संबंध आहे. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या दर्यावर्द्यांनी युरोपात नेलेले 'पंच' हे पेयही आपल्या 'पाच' या शब्दावरून आले, असे अनेक जण मानतात. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे त्यात पाच जिन्नस असत. म्हणजे या पापात आमच्या जातभाईंचा, डॉक्टर-औषधवाल्यांचा, वाटा मोठाच आहे!

मात्र इथे एक भ्रम दूर करतो. टॉनिक वॉटरने आज मलेरिया बरा होत नाही आणि टळतही नाही. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे टॉनिकच्या एका लिटरात फार तर ८३ मिलिग्रॅम क्विनीन असू शकते. मलेरियाच्या उपचारात मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १८०० मिलिग्रॅम लागत असे. म्हणजे रोज वीस लिटरांहून अधिक टॉनिक प्यावे लागेल. थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासा, जिन शोधू नका.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दारू चवीला वाईट असते. घशाला जळजळ होते, तोंड वाकडे होते, नाकाला झोंबते. निसर्गाने दारावर बसवलेला हा पहारेकरी आहे, असे मी मानतो. नवखा माणूस दोन घोटांत थांबतो तो याच्यामुळे. कॉकटेलची सारी कला या पहारेकऱ्याला झोपवण्यात आहे. साखरेने जळजळ झाकली जाते, लिंबाने तोंडाला पाणी सुटते, बर्फाच्या गारव्याने जीभ बधिर होते, पुदिन्याने नाक फसते. पेला सरबतासारखा लागतो आणि सरबतासारखाच संपतो. पोटात मात्र दारू तेवढीच गेलेली असते.

किती? थोडा हिशेब करू. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की, रम, जिनच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. अशा ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. हे आपले एक एकक धरा. ६० मिलिलिटर जिन आणि १५ मिलिलिटर व्हर्मूथची मार्टिनी म्हणजे सुमारे २२ ग्रॅम. जिन, कम्पारी आणि गोड व्हर्मूथ प्रत्येकी ३० मिलिलिटर घेतलेली निग्रोनी सुमारे २० ग्रॅम. लॉंग आयलंड आइस्ड टी नावात चहा असूनही चहाचा थेंब नसलेला. पाच प्रकारची मद्ये १५-१५ मिलिलिटर घातली की २५ ग्रॅम झाले. पेला दिसायला एक, पण एकके दोन ते अडीच. आपले यकृत तासाला साधारण ७ ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते. त्याला घाई करता येत नाही. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांनी माणूस फार तर ओला आणि जागा होतो, शुद्ध होत नाही. एका मार्टिनीचा निचरा व्हायला तीन तास लागतात. छांदिष्ट मात्र तासाभरात दुसरी हलवायला घेतो, कारण पहिली कशी जमली हे ताडून पाहायचे असते!

आणि हे सगळे माप अचूक आहे असे धरून. त्या गृहस्थांना मी विचारले, "साठ मिलिलिटर कशाने मोजता?" ते म्हणाले, "अहो, आता हात बसलाय. अंदाजाने ओततो." मी त्यांना घरी जाऊन पाणी ओतून पाहायला सांगितले, आणि खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या प्लॅस्टिकच्या टोपणाने ते मोजायला सांगितले. दुसऱ्या दिवशी ते ओशाळून आले. त्यांचे साठ म्हणजे पंच्याऐंशी निघाले. एका पेल्यात जवळपास २९ ग्रॅम.

आता ती रात्र. हे गृहस्थ तेच. त्यांच्या घरी चार-पाच जोडपी जमली होती. यजमानांनी हौसेने सर्वांसाठी डायकिरी केली. रम, लिंबाचा रस आणि साखरेचा पाक, बर्फात हलवून गाळलेला. मूळ पेय क्युबातले. त्यांच्या मित्रांपैकी एकाला मधुमेह होता. ते एरवी पीत नसत. "अहो, लिंबू सरबतच आहे, थोडीशी रम आहे नावाला," असे म्हणून त्यांच्या हाती पेला दिला गेला. नावाला! दोन पेले झाले. रात्रीच्या जेवणाआधी घ्यायची साखरेची गोळी त्यांनी आठ वाजता घरूनच घेतली होती, साडेआठला पान वाढले जाईल या हिशेबाने. आपल्याकडच्या पार्टीत साडेआठला पान वाढले गेल्याचे कुणी पाहिले आहे? गप्पांत अकरा वाजले. हे गृहस्थ सोफ्यावर कलंडले होते, काहीतरी असंबद्ध पुटपुटत होते, आणि मग गप्प झाले. मंडळी हसली. "सवय नाही ना, चढली. झोपू द्या."

त्यांच्या पत्नीने मला फोन केला. त्यांचे शब्द मला आजही आठवतात. "डॉक्टरसाहेब, सगळे म्हणतात चढलीय. पण यांचा सदरा घामाने भिजलाय आणि अंग गार पडलंय. तुम्ही या."

मी गेलो. तोंडाला दारूचा वास होताच, त्यामुळे कुणालाही दुसरी शंका येऊ नये अशीच परिस्थिती. बोटाला सुई टोचून साखर पाहिली. ३८. शिरेतून ग्लुकोज दिले. काही मिनिटांत गृहस्थांनी डोळे उघडले आणि विचारले, "जेवायला वाढलं का?" बायका रडत होत्या, त्यातल्या दोघी हसायला लागल्या. मला मात्र हसू आले नाही. त्यांना मी तसेच इस्पितळात पाठवले, कारण या गोळ्यांचा अंमल बराच काळ टिकतो आणि साखर पुन्हा घसरते. तिथे पहाटे ती घसरलीच. 'झोपू द्या' हा सल्ला मानला असता तर सकाळी त्या घरात काय दिसले असते, हे मी लिहीत नाही.

हे कसे घडले ते समजून घ्या. उपाशी असताना रक्तातली साखर टिकवण्याचे काम यकृत करते. साठवलेली साखर सोडते आणि नवी तयार करते. अल्कोहोल आले की यकृत आधी त्याच्या मागे लागते आणि नवी साखर तयार करण्याचे काम मंदावते. त्याच वेळी ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा जातीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन साखर खाली ओढत असतात. पोटात अन्न नाही. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की घसरगुंडी. 'पण पेल्यात साखरेचा पाक होता ना?' असे मला यजमानांनी विचारले. तोच तर फसवा भाग. एका पेल्यात दहा-बारा ग्रॅम साखर. ती पटकन चढते आणि पटकन संपते. तीन तासांचे उपासपोट तिच्याने भरत नाही. वर साखर कमी झाल्याची लक्षणे आणि दारू चढल्याची लक्षणे जुळ्या भावंडांसारखी दिसतात : बरळणे, तोल जाणे, चिडचिड, गुंगी. म्हणून हे वाक्य कापून कपाटाच्या आत चिकटवा. मधुमेही माणूस प्यायल्यावर वेडेवाकडे वागू लागला तर आधी साखर कमी झाली आहे असे समजा. शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. गुंगीतल्या कोणत्याही प्यायलेल्या माणसाला उताणे झोपवून खोलीचे दार लावून घेऊ नका. उलटी श्वासनलिकेत जाऊन माणसे दगावतात.

मधुमेह हे एक उदाहरण झाले. झोपेच्या, मानसिक ताणाच्या, फिटच्या किंवा सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांबरोबर दारू घेतली की गुंगी वाढते, श्वासही मंदावू शकतो. सांधेदुखीच्या गोळ्या चालू असतील तर जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू टाळावी, असे आम्ही सांगतोच. आणि दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामच्या गोळ्या घेणाऱ्याला तर दोन घोटही जिवावर बेतू शकतात. अशा माणसाला 'चव तर बघा' म्हणणे हा आग्रह नव्हे, घात आहे. त्यांच्या बाबतीत बिटर्सचे थेंबही वर्ज्य, कारण त्यातही ४४.७ टक्के अल्कोहोल असते.

भांड्याकुंड्यांचेही थोडे सांगतो. मॉस्को म्यूल नावाचे पेय तांब्याच्या मगात देण्याची फॅशन आहे. त्यात लिंबाचा रस असतो. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवले की कळकते, हे आपल्या आजीला कुठल्याही प्रयोगशाळेविना ठाऊक होते. तांब्याचा मग घ्यायचाच तर आतून स्टीलचा किंवा कल्हई केलेला घ्या. व्हिस्की सावरमध्ये फेसासाठी कच्च्या अंड्याचा पांढरा बलक घालतात. आपल्या उन्हाळ्यात, दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेल्या अंड्यांचा तर तो विचारही करू नका. दारूने जंतू मरतात या भरवशावर राहू नका. पेल्यातली दारू इतकी पातळ झालेली असते की ते काम तिच्याने होत नाही.

गाडीचे काय? आपल्या कायद्यात मर्यादा रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. रिकाम्या पोटी घेतलेल्या एका मार्टिनीने पासष्ट किलोचा माणूस ती सहज ओलांडतो. बायकांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच पेल्याने त्यांच्या रक्तात जास्त अल्कोहोल चढते. 'बायकांसाठी गोड, हलके' म्हणून जे पुढे केले जाते, ते हलके असतेच असे नाही. गर्भार बाईने तर एक थेंबही घेऊ नये. आणि महाराष्ट्रात दारू घरात ठेवायला आणि प्यायलाही परवाना लागतो, कडक मद्यासाठी वय २५ पूर्ण असावे लागते, वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. छंद म्हटल्याने कायदा बदलत नाही.

आता माझे मत. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की आरोग्याच्या दृष्टीने अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. तेव्हा जो पीत नाही त्याने छंदासाठी सुरुवात करू नये, हे माझे पहिले आणि ठाम म्हणणे. पण जो करतोच आहे त्याला नुसते 'सोडा' म्हणून पाठ फिरवणे हे डॉक्टरचे काम नव्हे. आम्ही बिडी ओढणाऱ्याचाही खोकला तपासतो. या छंदातल्या आनंदाची मी टवाळी करत नाही. बरोबर मोजणे, आंबट-गोड-कडू यांचा तोल साधणे, पाहुण्याच्या चेहऱ्यावर समाधान पाहणे, यात रस आहेच. आपल्या घरातली पन्हे आणि सोलकढी करणारी बाई तेच करते. माझे भांडण त्या कौतुकाच्या लोभाशी आहे. यजमानाची वाहवा पाहुण्याच्या रिकाम्या पेल्यावर मोजली जाऊ लागली, की तो पाहुण्याचे यकृत आपल्या हौसेला जुंपतो.

म्हणून कंपाउंडरचे तीन नियम पाळा. पहिला, अंदाजाने कधीही ओतू नका. प्रत्येक वेळी मापाने, आणि एका पेल्यात मद्य तीसच मिलिलिटर. चव बिघडत नाही, मी त्या गृहस्थांकडून खात्री करून घेतली आहे. दुसरा, तोंडी का होईना चिठ्ठी द्या : 'यात रम आहे, इतकी आहे.' आणि पेला देण्याआधी विचारा, 'गोळ्या कोणत्या चालू आहेत? गाडी कोण चालवणार?' नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. तिसरा, जेवण आधी, पेला नंतर किंवा जेवणाबरोबर. आणि त्याच तोलाचे एक बिनदारूचे पेय, आले-लिंबू-जिऱ्याचे म्हणा, कोकमाचे म्हणा, तितक्याच देखण्या पेल्यात प्रत्येक वेळी तयार ठेवा. करून करून चव पाहणाऱ्याने स्वतःचे घोटही मोजावेत. छंदाला आठवड्यातला एक दिवस पुरतो. रोज हात शिवशिवू लागले तर तो छंद राहिलेला नाही, मला येऊन भेटा.

दारू मोजायच्या त्या छोट्या दुतोंडी मापाला या छंदातली मंडळी 'जिगर' म्हणतात. शब्द इंग्रजी आहे. पण फारसीत जिगर म्हणजे यकृत, आणि आपण मराठीत धाडसाला जिगर म्हणतो. त्या गृहस्थांनी माझ्या सांगण्यावरून तसे एक माप विकत घेतले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "हे जिगर वापराल तर ते जिगर वाचेल." सहा महिन्यांनी त्यांच्या यकृताचे आकडे बरेच खाली आले. त्यांचे ते मधुमेही मित्र अजूनही त्यांच्याकडे जातात. पत्नी बरोबर असते. आणि पान, मी ऐकतो ते खरे असेल तर, साडेआठला वाढले जाते.